म्हातारं जनावर चढंल का?

अमेरिकेत मोटारीमागं ओढायचं एक घर मिळतं. त्याच्या पुढच्या भागात पलंग, ओटा, फ्रीज, न्हाणीघर असा माणसांचा संसार असतो आणि मागच्या भागात चक्क गॅरेज. मागची अख्खी भिंत बिजागऱ्यांवर खाली येते, जमिनीला टेकते आणि तिचा उतार होतो. त्या उतारावरून मोटरसायकल आत ढकलायची, पट्ट्यांनी बांधायची, भिंत पुन्हा वर करायची आणि सगळं कुटुंब घेऊन डोंगराकडं निघायचं. या प्रकाराला तिकडं ‘टॉय हॉलर’ म्हणतात. अडीचशे किलोच्या मोटरसायकलला खेळणं म्हणणारा देश आहे तो. आपण त्यात पडू नये.

पण पडावं लागलं. आमचा पुतण्या कोलोरॅडोत असतो. आमगाव तालुक्यातल्या धानाच्या बांध्यांमधून उठून तो तिथं गेला, संगणकाचं काहीतरी करतो आणि त्यानं पोहा आणि तर्री नावाची दोन कुत्री पाळली आहेत. पोहा म्हातारा, पिवळट, शांत. मागच्या पायांनी अधू. तर्री तरुण, लालसर, नावाला जागणारी. या दोघांना, बायकोला, मुलीला आणि मोटरसायकलला एकाच वेळी सहलीला न्यायचं म्हणून त्याला असा ट्रेलर हवा होता. विदर्भातला माणूस खरेदीला एकटा जात नाही. साडी असो की ट्रॅक्टर, सोबत चार जण लागतात. त्याला तिथं चार जण मिळेनात, म्हणून त्यानं गोंदियात व्हिडिओ कॉल लावला. त्याची सकाळ, आमची संध्याकाळ. आम्ही सगळे खाटेवर ओळीनं बसलो, मधोमध आबाजी.

आबाजी म्हणजे माझे वडील, पुतण्याचे आजोबा. शेतकरी. त्यांच्या हाताखालून बैलांचं खाचर गेलं, माणसं न्यायची रेंगी गेली, मग ट्रॅक्टर आला आणि ट्रॉली आली. वाहन या विषयावर त्यांचं मत घेतल्याशिवाय आमच्या घरी सायकलीची घंटीही बदलत नाहीत.

पुतण्यानं एकामागून एक नकाशे दाखवायला सुरुवात केली. वीस फुटी, अठ्ठावीस फुटी, चाळीस फुटी. काही मोटारीच्या मागच्या हुकाला अडकवायचे, काही पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या मोठ्या जोडणीवर टेकवायचे. काहींत पलंग बटण दाबताच छताला जाऊन चिकटतात, म्हणजे खाली गाडीला जागा. काहींना स्वतःची पेट्रोलची टाकी आणि पंपसुद्धा. माझ्या बायकोनं नकाशात सगळ्यात आधी ओटा शोधला आणि तो अमान्य केला. खिडकी नाही, फोडणीचा धूर जाणार कुठं? संडासाची टाकी घराच्याच पोटात असते आणि ती आपणच नळी लावून रिकामी करायची असते, हे कळल्यावर ती उठून चहा ठेवायला गेली. त्या बाबतीत पुढं चर्चा झाली नाही.

आबाजी मात्र नकाशाकडं बघतच नव्हते. त्यांनी विचारलं, “धुरेवर भार किती येते गा?”

पुतण्या गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “आबाजी, हे तुम्हाला कसं माहीत?”

तिकडच्या विक्रेत्यानं त्याला अर्धा तास हेच समजावलं होतं म्हणे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर यायला हवा. त्याहून कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि पुढची मोटार त्याच्यासोबत हलते. जास्त आला तर मोटारीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. हे सगळं सांगायला त्यानं आकृत्या काढल्या होत्या. आबाजींना आकृती लागत नव्हती. खाचरात मागं ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला जुपणी कचते. पुढं जास्त झालं की बैलांच्या मानेवर येतं, मान सोलते. गाडी भरणारा माणूस हे डोळ्यानं मापतो, आणि शंका आली तर जू हातानं उचलून पाहतो. बैल बोलत नसल्यामुळं ही विद्या माणसाला शिकावी लागली. मोटारही बोलत नाही, पण तिची मान सोलत नाही, म्हणून अमेरिकेत टक्केवारी शिकवावी लागत असावी.

या टॉय हॉलरची खरी अडचण इथंच आहे, आणि ती आबाजींनी बसल्या जागी पकडली. साध्या ट्रेलरमध्ये सामान ठरलेलं, भार ठरलेला. यात मात्र सगळ्यात जड वस्तू सगळ्यात मागं आणि तीही कधी असते, कधी नसते. “फटफटी किती वजनाची?” अडीचशे किलो. “म्हंजे सहा कट्टे धान.” आमच्याकडं धानाचा कट्टा चाळीस किलोचा, हिशेब जवळपास बरोबर होता. “सहा कट्टे कन्याच्या मागं किती हात?” पुतण्यानं फूटपट्टीनं नकाशा मोजला. चाकांच्या कण्यापासून मोटरसायकल दोन मीटर मागं, हुक चार मीटर पुढं. म्हणजे ती चढवली की पुढचा भार सव्वाशे किलोनं उचलला जाणार. साडेतीन टनांच्या ट्रेलरला पुढं कमीत कमी साडेतीनशे किलो हवेत. त्यातले सव्वाशे गेले तर काय उरलं? कंपन्यांनाही हे ठाऊक असतं. म्हणून असे ट्रेलर रिकामे असताना मुद्दामच पुढं जड ठेवतात. मग मोटरसायकल घरी ठेवून निघालं तर ते मोटारीच्या मानेवर बसतात. थोडक्यात, खेळणं नेलं तर नेल्याची काळजी आणि नाही नेलं तर न नेल्याची. प्रपंचाचं वाहन म्हणून हे मला एकदम पटलं.

“आनि कुत्रे कोठी बसतात?” आबाजींचा पुढचा प्रश्न.

पुतण्याची कल्पना अशी होती की मागच्या गॅरेजात मोटरसायकलीशेजारी गादी टाकायची. जमीन रबरी, पाण्यानं धुता येणारी, केस आणि चिखल यांची चिंता नाही. त्याच्या बायकोनं तिथल्या तिथं ती हाणून पाडली, आणि तिचं बरोबर होतं. पेट्रोलच्या वासात, बंद खोलीत, हलत्या पट्ट्यांच्या मधे जनावर ठेवत नाहीत. चालत्या ट्रेलरमध्ये तर कुणीच बसू नये, दोन पायांचं नाही की चार पायांचं. कुत्र्यांनी मोटारीतच बसायचं, पट्टा लावून. ट्रेलर थांबला, मोटरसायकल बाहेर काढली, गॅरेज पुसून काढलं, की मग तो त्यांचा दिवाणखाना. खाली सोडलेल्या भिंतीला साखळ्या लावून ती आडवी अधांतरी ठेवता येते, भोवती कठडा बसतो, आणि तिचा ओटा होतो. कुत्रेवाल्या लोकांना हे ट्रेलर आवडतात ते या ओट्यापायी. त्यांतल्या कित्येकांकडं मोटरसायकल नसतेच.

इथं मला शेरू आठवला. शेरू म्हणजे आमचा गोंदियातला कुत्रा. त्याला एकदा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्यायचं होतं. गोंदिया ते नागपूर रेल्वेनं सुमारे १३० किलोमीटर, दिवसातून कितीतरी गाड्या. पण कुत्र्यासोबत बसून जायचं तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर हवी. नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत पाठवायचं. गार्डाला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पेटी मात्र पेटीच राहिली. डॉक्टरांच्या फीपेक्षा कूपे महाग पडणार होता, आणि शेरूला पेटीत घालायला घरातलं कुणी तयार नव्हतं. शेवटी शेजाऱ्यांची भाजीपाल्याची छोटी चारचाकी केली. शेरू पुढं ड्रायव्हरशेजारी, मी मागं टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटांवर. देवरीकडून येणाऱ्या हायवेवर प्रत्येक ट्रकवाला आधी शेरूकडं बघायचा आणि मग माझ्याकडं. कोण कोणाला दवाखान्यात नेतंय, हे त्यांना उघड दिसत होतं.

तेव्हापासून माझं असं मत झालं आहे की माणसांसाठी बांधलेली गाडी घराला कधीच पुरत नाही. तिच्यात माणसं मोजून बसवलेली असतात आणि जनावर हा अपवाद असतो, पावती फाडायचा. घर अख्खं मावतं ते मालवाहू गाडीत. कायदाही पाहा. जनावरांच्या वाहतुकीच्या नियमांत गायी-म्हशीला माणशी, नव्हे गुरशी, २ चौरस मीटर जागा सांगितली आहे, शेळी-मेंढीला ०.३ चौरस मीटर. गोंदियाहून सालेकशाला जाणाऱ्या भरगच्च काळीपिवळीत मी बसलो आहे. शेळीचा वाटा मला कधी मिळालेला नाही.

आमच्या या झाडीपट्टीत हा प्रश्न पूर्वी उद्भवायचाच नाही, कारण गाडी ओढणाराच घरचा असायचा. प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला आबाजींचं घर निघायचं तेव्हा खाचरात खाली धानाची तणीस, वर घोंगडी, त्यावर बायका-मुलं. गाडीखाली सावलीत चालणारं कुत्रं. त्याला कुणी नेत नसे, ते यायचं. मुक्कामाला बैल सोडले की तीच तणीस त्यांचं जेवण, जूखाली टेकू लावला की गाडी म्हणजे खोली, बाजूला तीन दगड म्हणजे ओटा. कॅम्पिंगला वेगळं सामान लागतं हे आम्हाला नंतर कळलं. मग ट्रॅक्टर आले. माघी पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला, लग्नाच्या वऱ्हाडाला, मयतीला, सगळ्याला ट्रॉली. ट्रॉलीत माणसं बसवणं कायद्यानं मना आहे आणि ते योग्यच आहे. ट्रॉली उलटल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. तरी मागचा फाळका खाली सोडून, पाय लोंबते ठेवून बसण्यात एक सुख होतं हे मान्य करायला हवं. अमेरिकेत त्यालाच साखळ्या आणि कठडा लावून वेगळे पैसे घेतात.

आमच्याकडं खेळणं ओढून नेणारे खरे शौकीन म्हणजे पटाचे. शंकरपट म्हणजे बैलांच्या जोड्यांची शर्यत, आणि पटाच्या रात्री नाटक. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. मधली वर्षं नाटकं चालू होती, पण पटाशिवायचं नाटक म्हणजे मांडवाला नवरदेव नाही. आता पुन्हा पौष-माघात पिकअप गाड्या धावू लागल्या आहेत. या गाडीतला थाट बघण्यासारखा असतो. बैलांच्या पायाखाली मऊ तणीस, दोन्ही अंगांना घासू नये म्हणून पोती बांधलेली, वर ताडपत्री, आणि एक माणूस रात्रभर फक्त त्यांच्या तोंडाकडं बघत उभा. शर्यतीची छकडी टपावर उलटी बांधलेली. मालकाचं कुटुंब मागून मोटरसायकलवर, तिघं-तिघं, थंडीत कुडकुडत. म्हणजे खेळणं पुढं दिमाखात आणि घर मागं. अमेरिकेच्या बरोबर उलट.

पटाच्या बैलाला गाडीत कसं चढवतात हे पुतण्याला आबाजींनी त्या कॉलमध्ये समजावून सांगितलं. फळी लावत नाहीत. फळी हलते, बैल बिचकतो, पाय मुरगळला की सालभराचा पट गेला. तलावाच्या पाळीला किंवा एखाद्या उंचवट्याला पिकअप मागं-मागं नेऊन अशी टेकवायची की हौद्याची जमीन आणि पाळ एका पातळीला यावी. बैलाला कळतही नाही की आपण चढलो. नवेगावबांधपासून गावागावांतल्या बोड्यांपर्यंत या जिल्ह्यात पाळींना तोटा नाही. कोहळी लोकांनी तलाव बांधून ठेवले ते शेतीसाठी, पण पिढ्यान्‌पिढ्या जनावरं गाडीत चढवायची सोयही झाली.

“तुज्या गाडीची जमीन किती उंच?” त्यांनी विचारलं. इतके नकाशे पाहिले, त्यांत लांबी होती, रुंदी होती, पलंगाची जाडी होती. जमिनीची उंची पुतण्यानं कुठंच पाहिली नव्हती. या ट्रेलरांची जमीन उंच असते, कारण चाकं खाली, गॅरेज वर. आणि मागची भिंत जेवढी उंच तेवढाच उतार लांब होऊ शकतो. जमीन जितकी वर, उतार तितका खडा. मोटरसायकलला चालतं. तिला यंत्र आहे.

“पोह्या चढंल का?” आबाजी म्हणाले. “म्हातारं जनावर चढंल का, ते पाह्य आंदी. तर्री तं कोठीबी चढते.”

त्या प्रश्नावर सगळा बाजार उलटा झाला. चाळीस फुटी गेले, पेट्रोलपंपवाले गेले, छताला चिकटणारे पलंग गेले. पुतण्या दुसऱ्या दिवशी दुकानात टेप घेऊन गेला आणि विक्रेत्याला म्हणाला, मला ज्याचा उतार सगळ्यात मऊ असेल तो दाखवा. विक्रेत्यानं विचारलं, मोटरसायकल कोणती आहे? हा म्हणाला, नितंबाच्या सांध्याचा त्रास असलेला बारा वर्षांचा लॅब्राडॉर. आबाजींनी रेंगी घेतली तेव्हाही असंच झालं होतं म्हणतात. सुतारानं उंच चाकांची, डौलदार दाखवली होती. आबाजींनी माझ्या आईला सोबत नेलं होतं, तिला म्हणाले चढून पाहा. ती जिच्यात एका पावलात चढली ती घेतली. बुटकी होती, गावात चेष्टा झाली, आणि पुढं गावातली प्रत्येक बाळंतीण त्याच रेंगीत माहेरी आली.

मधेच पुतण्याला असंही वाटून गेलं की एक ट्रेलर इथं गोंदियातच ठेवावा. दिवाळीला आला की त्यात सगळ्यांना घेऊन फिरायचं. ते काही अगदीच हवेतलं नाही. महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि जंगल, तलाव, धबधबे यांत आमचा जिल्हा कुणाला हार जात नाही. दरेकसाजवळचा हाजरा फॉल, इटियाडोह, नवेगावबांधचा तलाव आणि त्याभोवतीचे सात बहिणींचे डोंगर. पण शेरू? नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथं पाळीव कुत्र्याला प्रवेश नाही आणि नसावाच. २०१८ साली गीरमध्ये वीसपेक्षा जास्त सिंह मेले तेव्हा त्यांतल्या काहींत कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. तिकडं अमेरिकेतही राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक पायवाटांवर कुत्र्यांना मनाईच असते, हे पोहा-तर्रीला अजून कुणी सांगितलेलं नाही. आणि नवतपात, पारा पंचेचाळीसवर असताना पत्र्याच्या घरात वातानुकूलनाच्या भरवशावर जनावर ठेवायचं म्हणजे वीज जाणार नाही अशी हमी हवी. ती हमी आमच्याकडं जुन्या आंब्याच्या झाडाइतकी कुणी देत नाही. तेव्हा इथला ट्रेलर रद्द झाला. माझ्या बायकोनं सुटकेचा निःश्वास टाकला. नळीनं टाकी रिकामी करायचं काम कुणाच्या वाट्याला येणार हे तिनं ओळखलं होतं.

शेवटी पुतण्यानं घेतला तो ट्रेलर बावीस फुटी, बुटका. पहिल्या सहलीत मोटरसायकल नेलीच नाही. तर्री तिच्यावर भुंकते म्हणून. आणि मोटरसायकलीविना पुढं जड होऊ नये म्हणून पाण्याचे डबे मागं ठेवून भार जुळवला, टक्क्याला टक्का. डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावून त्यानं भिंत खाली सोडली आणि आम्हाला कॉल लावला. आम्ही पुन्हा खाटेवर, ओळीनं. तर्री दोन उड्यांत आत. पोहा उताराच्या तोंडाशी उभा राहिला, रबराचा वास घेतला, आमच्याकडं, म्हणजे फोनकडं बघितलं आणि बसला. बिस्कीट दाखवलं, सून आतून हाका मारून थकली, नात त्याच्या बाजूला रांगून दाखवून आली. पोहा ढिम्म.

“पायाखाली वळखीचं काही पायजे त्याले,” आबाजी म्हणाले. “तणीस टाक.”

आता कोलोरॅडोत डोंगराच्या पायथ्याशी तणीस कुठून आणायची? तर मिळते. वाटेवरच्या गावात शेतकऱ्यांच्या सामानाचं दुकान होतं, तिथं घोड्यांसाठी गव्हाच्या काडाचे चौकोनी गठ्ठे बांधून ठेवलेले. पुतण्या एक घेऊन आला, उतारावर पसरला. पोह्यानं हुंगलं, एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, आणि आपल्याच घरात चालल्यासारखा वर गेला. इकडं खाटेवर टाळ्या. आबाजींनी तेवढ्यात गठ्ठ्याचा भाव विचारला, पुतण्यानं डॉलरात सांगितला, पुतण्याच्या धाकट्या भावानं मोबाइलवर रुपये केले. आबाजींनी मान वळवून अंगणापलीकडच्या आमच्या तणसीच्या ढिगाकडं एकवार पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाले, “बापू, तिकडच्या माणसाले विचार गा, त्याले अजून किती पायजे.”